चिंधीकाकांची काळी बाहुली

आमच्या बोर्ली पंचतनच्या बाजारात कापडाचे एक दुकान होते. तिथे लुगडे घ्यायला गेलेल्या बाईला आधी चिखलाचे पाणी दाखवीत. हे मी रचून सांगत नाही. दुकानाच्या पायरीवर तांब्याची तीन घंगाळी मांडलेली असत. एकात विहिरीचे नितळ पाणी, दुसऱ्यात खाडीचे, तिसऱ्यात तांबडी माती कालवलेले. बाईने एखाद्या कापडावर बोट ठेवले, की दुकानदार त्याच्या टोकाची चिंधी कचकन कापी, ती तिन्ही घंगाळ्यांत पाळीपाळीने बुडवी, मान वाकडी करून बघत राही आणि मग बाईकडे न बघताच सांगे, "हा नितळाचा रंग. खुशाल घ्या." बाई गोंधळून जाई. तिला विहिरीत उतरायचे नसे, तिला मुंजीला जायचे असे.

तेच आमचे चिंधीकाका. दुकानावर त्यांचे खरे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले होते, पण ते वाचायची गावात कोणाला गरज पडली नाही. कापलेल्या चिंधीच्या बदल्यात ते हातभर कापड जास्त देत, त्यामुळे भांडायला कोणी जात नसे. उलट काही धूर्त बाया मुद्दाम दोन-दोन रंगांवर बोट ठेवीत.

त्या चिंध्यांचे काका मासे करीत. मुंबईहून आणवलेल्या पोलादी गळाला शिशाचे डोके, त्याला कोंबड्याचे पीस, वर चिंधीचा घोळ, आणि लहर लागली तर जरीची एखादी तार. दोरीला बांधून पाण्यातून ओढले, की तो घोळ छोट्या माशासारखा वळवळायचा आणि मोठा मासा फसून तो गिळायला यायचा. निदान यावा अशी काकांची अपेक्षा असायची. या सोंगांना ते बाहुल्या म्हणत. काकूंच्या माहेरून आलेल्या शिसवी पेटीत त्या रंगवार निजवलेल्या असत, आणि काकूंच्या बांगड्या डाळीच्या डब्यात.

"रंग कापडात नसतो," हे काकांचे आवडते वाक्य. "रंग उजेडात असतो. कापड त्याला नुसतं धरून ठेवतं." हे बोलताना ते कापडाचे ठाण उचलून उन्हात जात, तिथून छपराखाली, तिथून आतल्या काळोख्या खोलीत. गिऱ्हाईक मागोमाग. मी स्वतः एकदा एका जांभळ्या खणाच्या मागे त्यांच्याबरोबर सगळे घर फिरले आहे, न्हाणीघरसुद्धा. जे घरात तेच खाडीत, असे त्यांचे म्हणणे. थंडीत पाणी नितळ झाले की बाहुली धुवट धोतराच्या रंगाची हवी, भडक रंगाला मासा बिचकतो. दुपारच्या उन्हात जरी, कारण लहान मासा कुशीवर वळला की तसाच लकाकतो. पाणी गढूळ आणि वर ऊन असेल तर हळदीसारखा पिवळा, नाहीतर शेंदरी. लाल मात्र नवशिक्यांचा रंग. दुकानात तो राजा, पाण्यात हातभर खाली गेला की काळवंडतो.

आणि सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर काळा. हे कोणालाच पटत नसे. अंधारात काळे कोणाला दिसणार? काका मग समोरच्याला घराच्या आतल्या बाजूला बसवीत आणि स्वतः दारात जाऊन उभे राहत, पाठीमागे उजेड घेऊन. "मी कसा दिसतो? काळा ना? नाकडोळे नाहीत, पण माणूस आहे हे कळतं ना? मासा खालून बघतो. त्याच्या दारात मी काळाच उभा राहणार." मग ते दारात दोन्ही हात हलवून माशासारखे वळवळून दाखवीत. धोतर, कोट, टोपी यांसह वळवळणारा तो गृहस्थ पाहून रस्त्यावरची माणसे थांबत.

काकूंना या विद्येचे कौतुक फार नव्हते. त्या म्हणत, "मला नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी जिताड्याला दाखवतात, त्याने नाकारला तर मला." पण काकांच्या गळांना गंज लागू नये म्हणून खोबरेल लावायच्या त्याच, हेही आम्ही शेजारी पाहत असू. दोन्ही घरांमध्ये फक्त एक कुंपण होते, आणि तेही एरंडाचे.

आता हे सगळे वाचून तुम्हाला वाटेल की काकांच्या घरी रोज मासा शिजत असणार. शिजत असे, पण बाजारातून आणलेला. कारण चिंधीकाकांना रंग निवडण्याचे जितके वेड होते, तितके मासा धरण्याचे नव्हते. दिघीच्या खाडीत रामा नाखवाच्या होडीत बसून ते पेटी उघडीत. पाण्याकडे बघत, आभाळाकडे बघत, शेंदरी काढीत, ठेवीत, मोतिया काढीत, उन्हात धरीत. रंग ठरेपर्यंत उजेड बदललेला असे. मग पुन्हा पहिल्यापासून. तोवर ओहोटी लागून होडी चिखलात बसे. रामा नाखवा जाळ्याचा माणूस, त्याला या नटव्या बाहुल्यांचे भारी हसू. "शेट, तुम्ही माशाला खायला घालताव का नेसवताव?" असे तो विचारी. काका रागवत नसत. ते मनापासून म्हणत, नेसवणे जमले की खाणे आपोआप येते. ते यायचे वर्षातून कधीतरी, आणि ते पुढच्या वर्षापर्यंत पुरायचे.

अशा या माणसाच्या हातात माझे लग्न एकदा सापडले.

मी अठराची झाले होते. त्या काळी एवढी मोठी मुलगी घरात असली की शेजारीपाजारी वडिलांची प्रकृती विचारू लागत. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर. त्यांनी दोन-चार ठिकाणी पत्रिका दाखवल्या होत्या. मला त्यातले कोणीही चालले असते किंवा कोणीच नाही. पण मुरुडला मावसबहिणीच्या लग्नात मी मुलींच्या घोळक्याला एक गोष्ट सांगत होते, तेव्हा खांबाआड उभा असलेला अलिबागकडचा एक मुलगा ती ऐकत होता. बाकीच्या सगळ्या एक शब्द आधी हसल्या. तो बरोबर जागेवर हसला. तेवढ्यावर मी ठरवून टाकले. त्यानेही काहीतरी ठरवले असावे, कारण महिन्याभराने त्याच्या घरूनच विचारणा आली.

मुलाच्या वडिलांची अट एकच होती, आणि ती त्यांनी हसत हसत कळवली होती: बघायला येईन तेव्हा जिताडा असावा. परमुलखातल्यांना सांगते, जिताडा म्हणजे आमच्या खाड्यांचा राजा. आमच्या मासे खाणाऱ्या घरांत व्याह्याला पहिल्या जेवणात जिताडा वाढला तर मान राखला, नाही वाढला तर त्याला जोडे दाखवले, असा रिवाज. त्यातून बातमी अशी होती, की नागोठण्याकडच्या एका घराने याच मुलासाठी आधीच जेवण घातले होते. त्यांच्या दारातच जिताड्यांचे तळे होते. आमच्या दारात एरंड होता.

दसरा होऊन गेला तरी हस्ताचा पाऊस हटेना. डोंगरावरची सगळी तांबडी माती खाडीत उतरली होती. वाहून आलेल्या फांद्यांनी जाळी फाटत होती, म्हणून कोळ्यांनी ती टाकणेच बंद केले. रामा नाखवाने गळाला जिवंत कोळंबी लावून पाहिली, तर ती शिंगाळ्यांसारख्या हलक्या माशांनीच खाल्ली. पाहुणे बुधवारी दुपारी जेवायला येणार होते. मंगळवारी संध्याकाळी अण्णा ओटीवर येरझारा घालत होते, आणि आई म्हणत होती की पापलेटाची चौकशी करावी. अण्णांनी तिच्याकडे असे पाहिले, की जणू तिने दुसरी मुलगी दाखवू या म्हटले.

तेवढ्यात एरंडाच्या कुंपणावरून काकांची टोपी वर आली. जिताडा मी आणतो, असे ते म्हणाले.

अण्णांच्या येरझारा थांबल्या. मला मात्र रडू फुटले. आणणार नाहीत म्हणून नव्हे, तर पेटी उघडून बसतील म्हणून. मला डोळ्यांसमोर दिसत होते: पाहुणे ताटावर बसलेत आणि तिकडे काका शेंदरी की पिवळी, पिवळी की शेंदरी. काकूंच्या लक्षात आले. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "न्यायची तर एकच बाहुली न्यायची. पेटी घरात राहील." काकांचा चेहरा असा पडला, की जणू नवऱ्यामुलालाच वऱ्हाडातून वगळले असावे.

मग आमच्या ओटीवर कंदिलाभोवती निवड सुरू झाली. पाणी गढूळ, पहाटे निघायचे, म्हणजे काळी, असे काका म्हणू लागताच आईने कान झाकले. शुभकार्याच्या तोंडावर या घरातून काळी चिंधी बाहेर पडणार नाही. काळे नेसून कोणी साखरपुड्याला येते का? काकांनी दारात उभे राहून वळवळून दाखवायची तयारी केली, पण आईला मासा खालून काय बघतो याच्याशी कर्तव्य नव्हते. अखेर पिवळी ठरली. उजाडले, ऊन पडले की गढूळ पाण्यात पिवळीच चालते, असे काकांनी स्वतःला समजावले. हळदीचा रंग म्हणून आईचीही ना नव्हती.

पुढचे मी रामा नाखवाच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे, की त्या होडीत मीही होते असे आता वाटते. पहाटे दोघे खाडीत गेले. आभाळ गच्च भरलेले. भरती चढत होती आणि तिवरांच्या मुळांशी मोठा मासा पाणी फोडत होता. नाखवाने तो आवाज ओळखला. काकांनी पिवळी टाकली, ओढली. पुन्हा टाकली. मासा तिच्याजवळ यायचा, पाणी हलायचे आणि तो निघून जायचा. सूर्य उगवायची वेळ झाली, पण सूर्य ढगातून बाहेरच येईना. खाडीवर संध्याकाळसारखा उजेड. भरती थांबली, की जिताडा खोल पाण्यात जाणार, मग दिवसभर नाव नको.

काकांनी दोरी ओढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे पेटी नव्हती, निवडायला काही नव्हते आणि कोणता रंग हवा हे मात्र पक्के ठाऊक होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिले. नाखवाचे मुंडासे तांबडे, शीड मळकट पांढरे. मग त्यांची नजर स्वतःच्या मांडीवरच्या छत्रीवर गेली. नवी कोरी, मुंबईची, काळी कुळकुळीत. खिशातली कात्री निघाली.

"शेट, छत्री कापताव व्हय?" नाखवा म्हणाला. "पाऊस डोक्यावर उभा हाय."

"डोकं वाळेल. उजाडलं की काळा संपला."

एक पाकळी कापली, पिवळी चिंधी सोडून त्या जागी ती बांधली आणि टाकली. नाखवा सांगतो की ओढायला दोरी दोन हातसुद्धा आली नसेल. मग जे झाले ते सांगताना तो उभा राहतो, आणि त्याची होडी दर वर्षी थोडी जास्त कलते. एवढे खरे, की पहिल्या जिताड्याने पाकळीसकट गळ तोडून नेला. काकांचा एकच गळ, तोही गेला. तेव्हा रामा नाखवाने, जन्मभर बाहुल्यांना हसणाऱ्या त्या माणसाने, आपल्या मुंडाशात खोचलेला जाड गळ काढून मुकाट्याने पुढे केला. छत्रीची दुसरी पाकळी कापली गेली. मग तिसरी, कारण दुसरी नीट बसली नाही. त्या तिसरीवर मासा आला. गोणपाटात घातला तर शेपूट बाहेर राहत होते.

आणि मग पाऊस कोसळला.

दिघीच्या धक्क्यावर अण्णांनी पाहुण्यांसाठी बैलगाडी धाडली होती. आगरदांड्याहून मचवा लागला. त्यातून मुलाचे वडील उतरले, आणि त्यांना समोर काय दिसले, तर धो धो पावसात एक गृहस्थ छत्रीच्या अर्ध्या उघड्या काड्या सवयीने डोक्यावर धरून, पायाशी गोणपाट घेऊन, अतिशय आनंदाने उभा आहे. त्यांनी विचारले, छत्रीला काय झाले? काकांनी सांगितले की ती गोणपाटात आहे. एवढ्यावर दोघे एकाच गाडीत बसले.

इकडे आम्ही दारात उभे. गाडी वळणावर दिसायच्या आधी आवाज ऐकू आले. पाहुणे तावातावाने बोलत होते, काका त्याहून तावाने. अण्णा खांबाला टेकले. गाडी अंगणात थांबली तरी कोणी उतरेना. मुलाचे वडील गरजत होते, "पंचवीस वर्षं मी गढूळ पाण्यात पिवळं पीस ओढतोय, शेट. काळ्या चिंधीवर जिताडा आला हे मला कोणी सांगू नये." म्हणजे तेही याच जातकुळीचे निघाले. अलिबागच्या खाडीत त्यांचीही एक पेटी बुडत होती, आणि ती नुसती पिवळी होती.

वाद कशाचा ते अण्णांना कळले नाही, पण आईने एकच शब्द टिपला. तिने उंबऱ्यातून विचारले, "भावजी, काळी नेलीत?"

रंगाच्या बाबतीत चिंधीकाका खोटे बोलू शकत नव्हते. त्यांनी मान खाली घालून छत्रीचा सांगाडा पुढे धरला. आई म्हणाली, मग हा मासा आत येणार नाही.  अंगणात जिताडा, गाडीत व्याही, उंबऱ्यात आई. आणि मी दाराआड, नेसलेली मोतिया साडी घट्ट धरून.

काकू कुंपण ओलांडून आल्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या ओल्या टोपीकडे पाहिले, मग आईसमोर आल्या. स्वतःच्या गळ्यातले मंगळसूत्र दोन बोटांनी पुढे धरून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारले, "वहिनी, सुमीच्या गळ्यात बांधायचे मणी कोणत्या रंगाचे आणताय? पिवळे?"

पहिले हसले ते गाडीतले पाहुणे. ते इतके हसले की बैल दचकले. आईने थोडा वेळ काकूंकडे रागाने पाहिले, मग पदर तोंडाला लावला आणि आत जाऊन मोठी परात घेऊन आली.

जेवण झाले. जिताड्याचे कालवण, तळलेल्या तुकड्या, डोक्याचे वेगळे तिखट. ते डोके पाहुण्यांच्या ताटात गेले आणि त्यांनी ते हाडे चोखून संपवले. आम्ही दाराआडून पाहत होतो. हात धुताना ते अण्णांना म्हणाले, की मासा उत्तम होता, पण शेटचे म्हणणे त्यांना मुळीच मान्य नाही. मासा भुकेला असेल तर काळे काय, जोडासुद्धा गिळेल. याचा निकाल एका पहाटेत लागायचा नाही. दर पावसाळ्यानंतर इथे येऊन पिवळी आणि काळी शेजारी शेजारी टाकून पाहावी लागेल.

"आणि दर वर्षी परक्याच्या घरी उतरणं बरं दिसत नाही, मास्तर," ते म्हणाले. "तेव्हा नातं जोडून टाकू."

अशा रीतीने माझे लग्न ठरले. मला कोणी गाणे म्हणायला लावले नाही, चालून दाखवायला सांगितले नाही. नागोठण्याच्या तळ्यातले जिताडे सुखाने पोहत राहिले.

निकाल कधी लागला नाही. मामंजी पुढे दर वर्षी बोर्लीला येत. सुनेला माहेरी आणायचे हे निमित्त. मला अंगणात सोडून ते थेट कुंपण ओलांडीत. दोघे रामा नाखवाच्या होडीत दोन टोकांना बसत, एकाची पिवळी, एकाची काळी, आणि रात्री जेवताना हिशेब होई तो कोणाच्या बाहुलीजवळ पाणी जास्त हलले याचा. मासा क्वचितच असे. एकदा काळीवर आला, तर मामंजी म्हणाले की माझी पिवळी बघायला निघाला होता, वाटेत तुमची आडवी आली. पुढे काका एका थंडीत गेले, फारसे दुखणे न काढता. त्यानंतरच्या पावसाळ्यानंतर मामंजी बोर्लीला आले, एकटेच खाडीवर गेले आणि लवकर परतले. मी विचारले तर म्हणाले, की काळी टाकली होती, पिवळीच्या बाजूने भांडायला समोर कोणी नव्हते.

पण मला काका आठवतात ते दिघीच्या धक्क्यावरचे. लग्न होऊन मी निघाले होते. सकाळचे कोवळे ऊन, माझ्या अंगावर हिरवा शालू, आणि मला वाटत होते की आता ते काहीतरी बोलणार, हा या उजेडाचा नव्हे, छपराखाली चल. ते रंगाबद्दल काहीच बोलले नाहीत. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "पोरी, तिथे गेल्या गेल्या बोलायला लागू नकोस. आधी पाणी कसं आहे ते बघ. मग काय नेसायचं ते ठरव."

मी त्यांचे ऐकले. अलिबागच्या घरात पहिले काही दिवस मी तोंडच उघडले नाही. नितळ आहे की गढूळ, ऊन कुठून येते, कोण केव्हा हसते, सगळे दाराच्या कडेला बसून बघितले. घरात कुजबुज सुरू झाली, की सून गुणी आहे पण मुकी आहे. सासूबाईंनी नवस बोलायचे ठरवले. मग एका दुपारी सगळे जेवून सुपारी कातरत बसले असताना माझी खात्री पटली, की पाणी नितळ आहे, अगदी तळ दिसतो आहे. मी एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. सगळे हसले, आणि एकजण बरोबर जागेवर हसला.

त्या दिवसापासून आजतागायत या घरात दुसऱ्या कोणाला फारसे बोलायला मिळालेले नाही.